पंचवीस मिनिटं विरुद्ध दीड सेकंद

ग्राफ डेटाबेस विकायला किंवा शिकवायला उभा राहिलेला माणूस तिसऱ्या-चौथ्या स्लाइडवर एक कोष्टक दाखवतो. १० लाख माणसं, प्रत्येकाचे साधारण ५० मित्र, आणि प्रश्न असा की अमक्याच्या मित्रांचे मित्र कोण, त्यांचे मित्र कोण, आणि त्यांचेही कोण? दुसऱ्या पायरीपर्यंत टेबलांच्या (रिलेशनल) डेटाबेसला, म्हणजे इथे मायएसक्यूएलला, ०.०१६ सेकंद लागतात; निओफोरजे या ग्राफ डेटाबेसला ०.०१. तिसऱ्या पायरीला ३०.२६७ विरुद्ध ०.१६८. चौथ्या पायरीला १५४३.५०५ विरुद्ध १.३५९. पाचव्या पायरीला मायएसक्यूएलचं उत्तर आलंच नाही, निओफोरजेचं २.१३२ सेकंदांत आलं. पंचवीस मिनिटं विरुद्ध दीड सेकंद! समोरचे लोक ‘अरे बापरे’ म्हणतात आणि बोलणाऱ्याचं पुढचं काम सोपं होतं.

हे कोष्टक मुळात ‘निओफोरजे इन ॲक्शन’ या पुस्तकासाठी केलेल्या प्रयोगातलं. ते सर्वदूर पोचवलं ते इयन रॉबिन्सन, जिम वेबर आणि एमिल आयफ्रेम यांच्या २०१३ सालच्या ‘ग्राफ डेटाबेसेस’ या पुस्तकाने. तिघेही निओफोरजे बनवणाऱ्या कंपनीतले, आयफ्रेम तर तिचा सहसंस्थापक. त्यात गैर काही नाही. आपल्या मालाची तारीफ कोण करत नाही? माझं भांडण कंपनीशी नाही. कोष्टक घेऊन गावोगाव फिरणाऱ्या आपल्याकडच्या उत्साही मंडळींशी आहे.

कारण मराठवाड्यात कुणबी दाखल्यासाठी लागणाऱ्या जुन्या नोंदी आणि वंशावळींचा विषय तापल्यापासून या कोष्टकाला नवं गिऱ्हाईक मिळालं आहे. ‘वंशावळ म्हणजे ग्राफच. महसुलाचं दप्तर ग्राफ डेटाबेसमध्ये टाका, हजारपट वेगाने दाखले निघतील,’ असं सांगणारे तरुण सोलापुरात भेटतात, पुण्याला नोकरी करून दिवाळीला गावी आलेल्यांत भेटतात, आणि आमच्या जळकोटच्या स्टँडवर चहा पितानाही भेटतात. त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं खोटं आहे, आणि ते पहिल्याच्या आधाराने खपतं.

आधी कोष्टकाकडेच बघू. प्रत्येकाचे ५० मित्र धरले तर दोन पायऱ्यांच्या वाटा २,५०० होतात, तीन पायऱ्यांच्या १ लाख २५ हजार, चार पायऱ्यांच्या ६२ लाख ५० हजार, पाच पायऱ्यांच्या ३१ कोटी २५ लाख. माणसं मात्र १० लाखच. म्हणजे चौथ्या-पाचव्या पायरीला त्याच त्या माणसाकडे जाणाऱ्या असंख्य वाटा असतात. मायएसक्यूएलला जी क्वेरी दिली होती तिच्यात मित्रांचं टेबल स्वतःलाच पुन्हा पुन्हा जोडलेलं होतं आणि एकाच माणसाची पुनरुक्ती अगदी शेवटी गाळायची होती. त्यामुळे तिला सगळ्या वाटा चालणं भाग होतं. निओफोरजेकडे काम दिलं होतं ते वेगळ्या पद्धतीने: एकदा भेटलेल्या माणसावर खूण करायची आणि तो पुन्हा वाटेत आला तर तिथूनच मागे फिरायचं. एकाने ६२ लाख वाटा तुडवल्या, दुसऱ्याने फार तर १० लाख माणसांना एकेकदा हात लावला. ही दोन डेटाबेसची शर्यत नव्हती, मोजण्याच्या दोन पद्धतींची होती. वाटा मोजण्याची पद्धत ग्राफ डेटाबेसला लावली तर तोही घामाघूम होतो. खुणेची पद्धत टेबलांना लावली तर पंचवीस मिनिटांचा आकडा उरतच नाही.

‘मग मायएसक्यूएलला खुणेची पद्धत का नाही दिली?’ असं कोणी विचारेल. एका क्वेरीत देता येत नव्हती म्हणून. स्वतःलाच बोलावणारी रिकर्सिव्ह क्वेरी एसक्यूएलच्या प्रमाणात १९९९ पासून आहे, पोस्टग्रेस या टेबलांच्याच दुसऱ्या डेटाबेसमध्ये २००९ च्या ८.४ आवृत्तीपासून आहे, पण मायएसक्यूएलमध्ये ती आली २०१८ साली, ८.० बरोबर. प्रयोग त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणजे ज्या डेटाबेसला त्या काळी हे काम एका क्वेरीत सांगताच येत नव्हतं त्याला हरवलं, आणि ‘रिलेशनल हरलं’ अशी दवंडी पिटली. ती दवंडी आजही चालू आहे.

कोष्टकातला आणखी एक रकाना कोणी वाचून दाखवत नाही: उत्तरात किती माणसं आली? पाचव्या पायरीला सुमारे ८ लाख. १० लाखांतली ८ लाख माणसं परत देणारा प्रश्न व्यवहारात कोण विचारतं? ज्या दुसऱ्या पायरीवर खरी कामं होतात, तिथला फरक ०.०१६ विरुद्ध ०.०१ एवढाच आहे. पण ती ओळ बोलणारा घाईने ओलांडतो.

आता मूळ क्रियांकडे येऊ: शेजारी शोधणे, नवं नातं जोडणे, जुनं तोडणे. वेगाची तुलना करायची तर ती इथे, एकेका क्रियेची करावी लागते, आणि इथे चित्र बरंच साधं आहे.

शेजारी शोधण्यात ग्राफ डेटाबेसची करामत अशी की प्रत्येक नोंदीत पुढच्या नोंदीचा थेट पत्ता असतो. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात फेरफार क्रमांक असतो. तो वाचायचा आणि फेरफाराच्या वहीत तेच पान उघडायचं, गावभर शोधत बसायचं नाही, तसं. निओफोरजेच्या पारंपरिक मांडणीत नोडची, म्हणजे ग्राफमधल्या ठिपक्याची, नोंद १५ बाइटची आणि नात्याची ३४ बाइटची, ठराविक मापाची. क्रमांकाला मापाने गुणलं की फायलीतली जागा सापडते. सुरेख कल्पना आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही.

पण टेबलांचा डेटाबेस काही गावभर शोधत बसत नाही. त्याच्याकडे इंडेक्स असतो, बी-ट्रीचा. पोस्टग्रेसच्या ८ केबीच्या पानात साध्या आकडी किल्ल्या साडेतीनशेच्या आसपास मावतात, म्हणून १० लाख नोंदींचा इंडेक्स तीन पातळ्यांचा होतो आणि १० कोटींचा चार. एका माणसाच्या वडिलांपर्यंत जायला तीन-चार पानं चाळायची, आणि त्यातली वरची पानं कायम मेमरीतच असतात. ग्राफवाला एका उडीत जातो, हा तीन उड्यांत. फरक खराच आहे, पण तो काही पटींचा आहे. हजारपटीचा नाही. शिवाय पहिला माणूस शोधायला ग्राफ डेटाबेसलाही इंडेक्सच लागतो. अर्जदाराचं नाव किंवा क्रमांक सांगितल्यावर तोही तशीच पानं चाळून मग उड्या मारायला लागतो. ‘इंडेक्सशिवाय शेजार’ हे जाहिरातीचं वाक्य दुसऱ्या पावलापासून लागू होतं.

आणि हे सगळं मेमरीत असेल तेव्हाचं. सर्व्हर नुकताच चालू केला असेल, नोंदी डिस्कवर विखुरलेल्या असतील, तर थेट पत्त्याची प्रत्येक उडी डिस्कवरच्या कुठल्यातरी कोपऱ्यात पडते. उलट, टेबलात एकाच बापाची मुलं शेजारी शेजारी रचून ठेवली असतील तर ती एका वाचनात हाताला लागतात. आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. कोष्टकं मात्र नेहमी तापलेल्या मशीनवरची असतात. थंड मशीनवरचा पहिला आकडा छापायची पद्धत पडली तर निम्मी सादरीकरणं रद्द होतील.

नवं नातं जोडण्याच्या क्रियेत ग्राफवाल्यांची बाजू आणखी लंगडी पडते. त्या पारंपरिक मांडणीत दोन माणसांमध्ये ‘वडील’ हे एक नातं घालायचं तर नव्या नात्याची नोंद, दोन्ही माणसांच्या नोंदी, आणि त्या दोघांच्या साखळीत आधी पहिल्या जागी असलेली नाती, अशा पाच नोंदींना हात लागतो. टेबलात एक ओळ वाढते आणि इंडेक्सात तिची भर पडते. आता कंपनीने साठवणीची मांडणी बदलली आहे. पण मग जुन्या मांडणीच्या काळातलं कोष्टक कशाला फिरवता?

तोडण्याच्या क्रियेवर वेळ घालवत नाही. महसुलाच्या दप्तरात कोणी काही पुसतच नाही. माणूस वारला की त्याच्या नावाला कंस होतो, वारसांची नावं खाली येतात, आणि कंसातलं नाव तिथेच राहतं. जिथे क्रियाच होत नाही तिथे तिचा वेग काय मोजायचा?

आता वंशावळ. वडिलांकडून वर जाणारी वाट ही ५० मित्रांसारखी फुटत नाही. प्रत्येकाला बाप एकच. आजच्या अर्जदारापासून सहा पिढ्या वर जायचं तर सहा पावलं. टेबलांत तीन-तीन पानांच्या हिशेबाने अठरा पानं. उलट, मूळ पुरुषापासून खाली यायचं आणि प्रत्येकाला चार मुलं धरली तर सहाव्या पिढीत ४,०९६ माणसं होतात, आणि त्यातल्या प्रत्येकाकडे येणारी वाट एकच. ज्या पुनरुक्तीने कोष्टकातल्या मायएसक्यूएलचं कंबरडं मोडलं ती इथे जन्मालाच येत नाही. ज्या रोगावर औषध विकायला आलात तो रोग या घरात नाही.

मग दाखल्याला वेळ का लागतो? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. वेळ लागतो माणूस ओळखायला.

आमचा भाग निजामाच्या राज्यातला. नळदुर्ग तर एकेकाळी जिल्ह्याचं ठिकाण. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेने सकाळीच नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीवरचा पूल घेतला, नऊच्या सुमाराला जळकोट, आणि दुपारी उमरगा. (हे आमच्या गावाच्या वाट्याला आलेलं इतिहासातलं एक वाक्य, म्हणून सांगायचा मोह आवरत नाही.) त्याआधीचं दप्तर उर्दूत, मोडीत, कुठे फारसीत. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती सप्टेंबर २०२३ मध्ये नेमली गेली तेव्हापासून हे दप्तर उघडलं गेलं. राज्यभरात ५० लाखांहून अधिक कुणबी नोंदी सापडल्याचं सरकारने सांगितलं. मराठवाड्याचा त्यातला वाटा अगदी लहान. नोंद सापडणं हे अर्धंच काम. त्या नोंदीतला माणूस आपलाच पूर्वज आहे हे दाखवणं हे खरं काम, आणि तिथे आडनाव सहसा नसतं. असतं ते ‘तुकाराम वल्द गणपती’ एवढंच.

आता आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवायची चाल. गणपतीचा तुकाराम, तुकारामाचा गणपती, त्या गणपतीचा पुन्हा तुकाराम. चार पिढ्यांत दोनच नावं. ‘तुकाराम वल्द गणपती’ ही नोंद आजोबाची की नातवाची? वय लिहिलेलं नसेल, गट नंबर जुना असेल, तर कागदावरून कळत नाही. चुकून दोघांना एकच धरलं की त्या नोडपासून वर जाता जाता माणूस स्वतःच स्वतःचा आजा होतो. ग्राफमध्ये वर्तुळ तयार होतं.

आणि इथे दोन्ही डेटाबेस कसे वागतात ते बघण्यासारखं आहे. पोस्टग्रेसमध्ये साधी रिकर्सिव्ह क्वेरी लिहिली असेल तर ती या वर्तुळात गरगरत राहते, संपतच नाही, आणि दोन मिनिटांत कोणीतरी ओरडतं की काहीतरी चुकलंय. वर्तुळ ओळखायची सोयही आहे. २०२१ च्या १४ व्या आवृत्तीपासून त्यासाठी वेगळं कलमच आलं. निओफोरजेची सायफर भाषा एकाच वाटेत तेच नातं दोनदा ओलांडत नाही. म्हणून तिची क्वेरी झटकन संपते आणि चुकीची वंशावळ नीटनेटकी हातात ठेवते. वर्तुळ हवंच असेल तर तिलाही विचारता येतं, पण विचारायचं सुचलं पाहिजे ना. वेगाच्या कोष्टकात या दोघांपैकी कोण जिंकेल ते सांगायची गरज नाही. दाखल्यावर सही करणाऱ्याला मात्र अडकलेली क्वेरी परवडते, चुकीचा आजा परवडत नाही.

गावांचंही तेच. जळकोट दोन आहेत: एक आमचं, तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरचं, दुसरं लातूर जिल्ह्यातलं, जे स्वतःच तालुक्याचं ठिकाण आहे. दोन्ही निजामाच्या मुलखातली. जुन्या कागदावर नुसतं ‘जळकोट’ असेल आणि उत्साहाच्या भरात कोणी गावाचा एकच नोड केला, तर दोन गावं एका ठिपक्यात शिरतात. गावाचा नोड करणं हाच मुळात वेगाच्या मुळावर येणारा प्रकार आहे. त्या एका नोडला गावातला प्रत्येक जिवंत-मेलेला माणूस जोडला जातो, हजारो नात्यांची साखळी त्याच्या गळ्यात पडते, आणि ‘दोन पायऱ्यांत कोण येतं?’ असं विचारलं की माणूस ते गाव, गाव ते माणूस, करत सगळा गाव नातेवाईक ठरतो. ग्राफवाले याला सुपरनोड म्हणतात आणि त्याबद्दल मागाहून बोलतात. कोष्टक मात्र आधी दाखवतात.

‘पण सगेसोयऱ्यांचं काय?’ हा प्रतिपक्षाचा सगळ्यात चांगला मुद्दा, आणि त्याला झटकून चालणार नाही. २६ जानेवारी २०२४ च्या अधिसूचनेच्या मसुद्यात सगेसोयऱ्यांची व्याख्या आली ती वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांत सजातीय लग्नांतून जुळलेल्या नात्यांपर्यंत जाणारी. त्यातल्या राजकारणाशी या लेखाला कर्तव्य नाही. पण डेटाबेसच्या दृष्टीने तिथे चित्र बदलतं हे मान्य. सोयरिकीने वाटा फुटतात. त्यात आमच्याकडे मामाची मुलगी करायची चाल, म्हणजे एकाच माणसाकडे बापाकडून आणि आईकडून अशा दोन वाटा. किती पायऱ्या जायचं ते आधी माहीत नाही, कोणत्या प्रकारच्या नात्याने जायचं ते मधूनच बदलतं. असा प्रश्न सायफरमध्ये दोन ओळींत लिहिता येतो आणि एसक्यूएलमध्ये पानभर होतो. ग्राफ डेटाबेसचा खरा गुण हाच आहे, प्रश्न सरळ लिहिता येणं. २०१६ साली पनामा पेपर्सच्या १ कोटी १५ लाख कागदांत कोणाची कंपनी कोणाच्या नावावर हे शोध-पत्रकारांनी निओफोरजे वापरून काढलं ते याच गुणावर. ही फुशारकी मारायची तर मारा, मी टाळ्या वाजवीन. पण ही सोय लिहिणाऱ्याची आहे. तिला वेगाचं लेबल लावून विकू नका. एसक्यूएलच्या २०२३ च्या प्रमाणातही ग्राफसारखे प्रश्न लिहायचा भाग आला आहे, आणि एप्रिल २०२४ मध्ये जीक्यूएल ही ग्राफची स्वतंत्र भाषा आंतरराष्ट्रीय प्रमाण झाली. ही सोयही फार काळ एकाच घरची राहणार नाही.

वेग मोजण्यातली लबाडी जुनी आहे, ग्राफवाल्यांनी ती शोधली नाही. डेव्हिड डेविट यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९८३ साली डेटाबेसच्या मूळ क्रियांचे आकडे नावानिशी छापले, तेव्हा ओरॅकलला ते इतके झोंबले की पुढे परवान्यातच ‘आमच्या परवानगीशिवाय आकडे छापायचे नाहीत’ असं कलम आलं. त्या कलमाला आजही डेविट यांचंच नाव आहे. १९८८ मध्ये टीपीसी ही संस्था निघाली ती याच बजबजपुरीवर उतारा म्हणून: चाचणी ठरलेली, खर्च दाखवायचा, तपासनीस बाहेरचा. ग्राफसाठी तसं काम एलडीबीसी करते. तिची सामाजिक जाळ्याची चाचणी वाचण्यासारखी आहे, कारण तिच्यात छोटे प्रश्न, मोठे प्रश्न आणि नव्या नोंदी एकत्र मिसळून येतात, अगदी खऱ्या कचेरीसारख्या. तरी मेमग्राफ या दुसऱ्या ग्राफ डेटाबेसच्या कंपनीने आपण निओफोरजेच्या १२० पटींपर्यंत वेगवान असल्याचं जाहीर केलं आणि ग्राफवाल्यांतच जुंपली. जे कोष्टक दुसऱ्याला दाखवलं तेच आपल्यावर उलटल्यावर चाचणीच्या अटी आठवल्या.

२ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने गावपातळीवर समिती नेमली: ग्राम महसूल अधिकारी (ज्यांना आम्ही अजून तलाठीच म्हणतो), ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी. अर्जदाराची वंशावळ, जमिनीचे जुने पुरावे, भाऊबंदांची प्रतिज्ञापत्रं या तिघांपुढे येतात. म्हाताऱ्यांना बोलावून विचारायचं, खासरा पत्रक काढायचं, मोडी वाचणारा शोधायचा. या साखळीत डेटाबेसच्या वाट्याला येणारा वेळ मिलिसेकंदांचा. तो दहाचा एक केला तरी मोडी वाचणारा एक दिवसही आधी येणार नाही. ज्याला खरंच मदत करायची आहे त्याने मोडीतल्या नोंदी लिहून काढाव्यात, नावाशेजारी वय, गट नंबर आणि साक्षीदारांची नावं टिपावीत, आणि दोन तुकारामांना एक करण्यापूर्वी कोणाला तरी विचारायला भाग पाडणारी स्क्रीन बनवावी. ते काम कंटाळवाणं आहे, त्यावर कोष्टक होत नाही.

आणि तरीही कोणाला तुलना करायचीच असेल तर माझी तयारी आहे. १९५४ च्या खासऱ्यापासूनचे एका गावचे फेरफार घ्या, नावं बदलून. दोन्हीकडे खुणेचीच पद्धत लावा. मशीन बंद करून चालू केल्यावरचा पहिला आकडा छापा, दहावा नव्हे. वाचन चालू असताना शेजारून वारस नोंदी पडत राहू द्या. मुद्दाम एक वर्तुळ आत सोडा आणि ते कोणाला सापडतं तेही लिहा. परवान्याचा खर्चही लिहा: निओफोरजेची कम्युनिटी आवृत्ती फुकट असली तरी एकाहून अधिक सर्व्हरवर पसरण्याची सोय पैशाच्या आवृत्तीत आहे. असं कोष्टक कोणी आणलं आणि त्यात ग्राफ डेटाबेस जिंकला, तर मी तो निकाल मानीन. तोवर जळकोटच्या वंशावळींना एक पोस्टग्रेस, दोन टेबलं आणि एक इंडेक्स पुरे आहे.